पेल्याबाहेरचं पाणी आलं कुठून?

प्रश्न : माझी मुलगी पाचवीत आहे. विज्ञानात तिला कायम चांगले गुण मिळतात. परीक्षेआधी मी तिची प्रश्नोत्तरांची वही घेऊन बसते आणि ती धडाधड उत्तरं देते. बाष्पीभवन, संघनन, प्रकाशसंश्लेषण, सगळ्या व्याख्या तोंडपाठ. मागच्या आठवड्यात गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून थेंब आले होते. मी सहज विचारलं, हे पाणी कुठून आलं? ती म्हणाली, "पेल्यातून झिरपलं." संघननाची व्याख्या तिने त्याच दिवशी म्हणून दाखवली होती! खरं सांगायचं तर मलाही तिला नीट समजावता आलं नाही. माझं शिक्षण वाणिज्य शाखेचं, विज्ञान दहावीला सुटलं ते सुटलंच. ती सहावीत जाण्याआधी सुट्टीत प्राथमिक शाळेतल्या विज्ञानाची पक्की उजळणी करून घ्यावी असं वाटतं. सुरुवात कुठून करू? सगळे धडे घेऊ की निवडक? आणि आईलाच येत नाही हे तिला कळलं तर चालेल का?
– एक आई

उत्तर :

ताई, तुमच्या लेकीचं उत्तर मला आवडलं. ते चुकलेलं आहे, पण त्यामागे विचार आहे. आत पाणी, बाहेर पाणी, मध्ये पेला. म्हणजे आतलंच बाहेर आलं असणार. मातीच्या भांड्यातून पाणी झिरपताना तिने पाहिलंही असेल. व्याख्या म्हणताना तिला विचार करावा लागला नव्हता, इथे करावा लागला. म्हणून सुरुवात पहिल्या धड्यापासून करूच नका. ती त्या पेल्यापासून करा.

एक पथ्य मात्र पाळा. बरोबर उत्तर लगेच सांगून टाकू नका. तिला विचारा, "झिरपलं असेल, तर आतल्या पाण्यात रंग घातल्यावर बाहेरचे थेंब कसे दिसतील?" तिचा अंदाज कागदावर लिहून घ्या. मग पाण्यात रंग घाला, बर्फ टाका आणि वाट बघा. थेंब बिनरंगाचे येतील. आता दुसऱ्या पेल्यात साधं, गार न केलेलं पाणी घ्या. काच झिरपत असेल तर यालाही थेंब यायला हवेत, येत नाहीत. घरात ग्रॅमचा फरक दाखवणारा डिजिटल काटा असेल तर तिसरा प्रयोग जरूर करा, कारण तो सगळ्यात पक्का आहे. घट्ट झाकणाची पाण्याची बाटली फ्रीजमधून काढा, चटकन कोरडी पुसा आणि तोला. थेंब जमले की न पुसता पुन्हा तोला. आतलं पाणी बाहेर आलं असतं तर बाटली आणि थेंब मिळून वजन तेवढंच भरलं असतं. इथे ते थोडं वाढलेलं दिसेल. म्हणजे बाहेरून काहीतरी येऊन बाटलीला चिकटलं. बाहेर काय आहे? हवा. एवढ्यावर आली की पुढचं वाक्य तीच बोलेल, हवेत पाणी आहे. ते बाष्पाच्या रूपात असतं म्हणून दिसत नाही, आणि गार काचेजवळची हवा थंड झाली की त्यातल्या थोड्या बाष्पाचं पुन्हा पाणी होतं. याला संघनन म्हणतात हे तिला आधीपासून माहीत आहे. नाव होतं, फक्त ते कशाला चिकटवायचं ते माहीत नव्हतं. (हवा फार कोरडी असेल तर थेंब नावापुरतेच येतील. मग त्यावरही बोला, आज कमी का आले?)

मी बरीच वर्षं या वयाच्या मुलांना विज्ञान शिकवलं. तुमच्या घरी झालं तेच वर्गात अगणित वेळा पाहिलं आहे. मूल व्याख्या एका कप्प्यात ठेवतं आणि जग दुसऱ्या कप्प्यात. परीक्षा पहिला कप्पा तपासते, त्यामुळे दुसऱ्यात काय चाललंय याचा कुणाला पत्ता लागत नाही. उजळणी म्हणजे या दोन कप्प्यांमधली भिंत पाडणं, एवढाच अर्थ तुम्ही धरा. "रिकाम्या जागा भरा" आणि "जोड्या लावा" बाजूला ठेवा.

या कामात आपले रोजचे शब्दच पहिली अडचण करतात, आणि त्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. 'वाफ' घ्या. उकळत्या पाण्यावर जे पांढरं दिसतं त्याला आपण वाफ म्हणतो. पण पाण्याचं बाष्प डोळ्यांना दिसतच नाही. जे पांढरं दिसतं ते बाष्प हवेत थंड होऊन बनलेले पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब असतात. उकळत्या किटलीच्या तोंडाशी नीट पाहिलं, अर्थात लांबून, तर तोंड आणि पांढरा ढग यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा दिसते. बाष्प तिथे आहे. हे एकदा दिसलं की ढगांचा धडा निम्मा संपतो, कारण ढगही असेच सूक्ष्म थेंबांचे किंवा बर्फकणांचे असतात.

'विरघळणं' आणि 'वितळणं' यांचीही अशीच सरमिसळ होते. "बर्फ विरघळला" असं आपण सर्रास म्हणतो. बर्फ वितळतो, त्याला फक्त उष्णता लागते. साखर विरघळते, तिला पाणी लागतं. साखर दिसेनाशी झाल्यावर ती गेली कुठे, हे लेकीला विचारा. पाणी आणि साखर वेगवेगळी तोला, मग विरघळवून एकत्र तोला. वजन कमी होत नाही. साखर तिथेच आहे, दिसू नये इतकी विखुरली आहे. पदार्थ लहान लहान कणांचे बनलेले असतात, ही पुढच्या सगळ्या इयत्तांची कल्पना इथे दार ठोठावते.

'प्राणी' म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर चार पायांचं काहीतरी येतं. मुंगी, चिमणी, गांडूळ आणि माणूस हे सगळे विज्ञानाच्या भाषेत प्राणीच. कोळी कीटक नाही. कीटकांना सहा पाय, कोळ्याला आठ. आणि 'देवमासा' या शब्दाने तर आपली चांगलीच फसगत केली आहे. तो मासा नाही, सस्तन आहे. फुप्फुसांनी श्वास घेतो आणि पिलांना दूध पाजतो. 'तारामासा'ही मासा नाही. अशा शब्दांची एक यादी तिच्याकडूनच करून घ्या. तिला मजा येईल आणि वर्गीकरणाचा धडा बसल्या बसल्या होऊन जाईल.

आता निवडक की सगळं? माझं मत स्पष्ट आहे, निवडक. सुट्टीत पाच-सहा कल्पना खोलवर झाल्या तरी पुष्कळ झालं. एक तर झालीच, पाण्याची. पुढच्या मी सांगते, पण क्रम तुमच्या घरात कोणता प्रश्न आधी निघेल त्यावर ठेवा.

चंद्रकलांवर सगळ्यात जास्त वेळ द्या. "चंद्र अर्धा का दिसतो?" असं विचारलं तर बहुतेक मुलं, आणि मोठेही, "पृथ्वीची सावली पडते म्हणून" असं सांगतात. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते ती फक्त चंद्रग्रहणात, आणि ग्रहण पौर्णिमेलाच होतं. चंद्राचा अर्धा गोल सूर्यप्रकाशात कायमच उजळलेला असतो (तेवढं ग्रहण सोडून). त्या उजळ अर्ध्यातला किती भाग आपल्याला दिसतो, ते आपण कुठून बघतो यावर ठरतं. हे वाचून कळत नाही, शरीराने फिरून कळतं. खोलीत अंधार करा, एकच दिवा ठेवा. लेकीच्या हातात चेंडू द्या, हात लांब करून डोक्यापेक्षा थोडा वर धरायला सांगा. चेंडू दिव्याच्या दिशेला असताना तिच्याकडची बाजू काळोखी, ती अमावास्या. मग तिने जागेवरच डावीकडे वळत जायचं, चेंडू नजरेसमोर ठेवून. आधी उजव्या कडेला बारीक कोर, पाव फेरीत अर्धा चेंडू उजळ, दिव्याकडे पाठ झाली की पूर्ण. चेंडू खाली आणला की तिच्या डोक्याची सावली त्यावर पडेल. तेव्हा सांगा, "हे ग्रहण." सावली आणि कला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तिला आयुष्यभर पुन्हा सांगावं लागणार नाही.

याहून सुंदर गोष्ट दिवसा करता येते. पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात सकाळी पश्चिमेकडे चंद्र दिसत असतो. उन्हात उभं राहून चेंडू त्या चंद्राच्या शेजारी दिसेल असा धरा. चेंडूवर ऊन जेवढं आणि ज्या बाजूने पडलेलं दिसेल, तसाच चंद्रही उजळलेला दिसेल. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा शिक्षिका होऊन बरीच वर्षं झाली होती, आणि मी तो चेंडू किती तरी वेळ खाली ठेवला नव्हता.

पुस्तकातल्या आकृत्या इथे अडचण करतात. कागदावर जागा कमी, म्हणून चंद्र पृथ्वीच्या कुशीत काढलेला असतो. पृथ्वी १२ सेंटिमीटरचा चेंडू मानली तर चंद्र सव्वातीन सेंटिमीटरचा, आणि दोघांमधलं अंतर साधारण ३.६ मीटर! खरं अंतर सरासरी ३,८४,४०० किलोमीटर. हे खोलीत मांडून बघा. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या तुलनेत सुमारे ५ अंशांनी कललेली आहे आणि अंतर एवढं, मग दर पौर्णिमेला ग्रहण का होत नाही ते डोळ्यांनाच कळतं.

ऋतूंच्या बाबतीतही आकृतीच फसवते. पृथ्वीची कक्षा लांबट अंड्यासारखी काढतात आणि मूल ठरवून टाकतं की सूर्याजवळ गेलो की उन्हाळा. १९८७ च्या एका माहितीपटात हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभाला आलेल्या पदवीधरांना आणि प्राध्यापकांना ऋतू का होतात, हा प्रश्न विचारला होता, आणि बहुतेकांनी हेच उत्तर दिलं. तेव्हा ताई, तुम्ही एकट्या नाही. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, आणि सर्वांत दूर जुलैच्या सुरुवातीला, सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर. जानेवारीत उत्तर गोलार्धात हिवाळा असतो आणि त्याच वेळी दक्षिण गोलार्धात उन्हाळा. अंतरामुळे ऋतू होत असते तर दोन्हीकडे एकदम उन्हाळा आला असता. कारण आहे ते पृथ्वीच्या अक्षाचा साडेतेवीस अंशांचा कल. कागदावर बॅटरीचा झोत आधी सरळ पाडा, मग तिरपा. तिरपा झोत जास्त जागेवर पसरतो, म्हणून फिका पडतो. जो गोलार्ध सूर्याकडे कललेला असतो त्याच्यावर ऊन जास्त सरळ पडतं, तिथे उन्हाळा. त्यात उन्हाळ्यातला दिवसही मोठा. बस, एवढंच.

झाडाचा प्रश्न मी मुद्दाम विचारायला सांगते. "एवढं मोठं झाड झालं, ते सगळं लाकूड आलं कुठून?" लेक म्हणेल, मातीतून. सतराव्या शतकात ब्रुसेल्सजवळ यान बाप्टिस्ट व्हान हेल्माँट या शास्त्रज्ञांनी हे तपासलं होतं. २०० पाउंड कोरडी माती कुंडीत घालून त्यात ५ पाउंडांचं विलोचं रोप लावलं आणि ५ वर्षं फक्त पाणी घातलं. झाड १६९ पाउंडांचं झालं आणि माती कमी झाली ती अवघी २ औंस, म्हणजे साधारण ५७ ग्रॅम. त्यांनी निष्कर्ष काढला की झाड पाण्यापासून बनलं. हा प्रयोग त्यांच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये छापून आला. निष्कर्ष अर्धाच बरोबर होता, कारण हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा वाटा त्यांनी धरला नव्हता. हवेत हा वायू फक्त ०.०४ टक्क्यांच्या आसपास आहे, आणि झाडाच्या कोरड्या वजनातला जवळजवळ सगळा कार्बन त्यातूनच येतो. ही गोष्ट सांगितल्यावर "हवा म्हणजे काहीच नाही" हा मुलांचा समज डळमळतो. जोडीला एक दुरुस्ती करून घ्या. झाडं दिवसा अन्न बनवतात आणि रात्री श्वास घेतात असं मुलं लिहितात. श्वसन चोवीस तास चालू असतं, प्रकाश लागतो तो अन्न बनवायला.

उष्णतेसाठी लोकरीचा स्वेटर पुरे. "स्वेटर गरम असतो का?" हो म्हणेल. बर्फाचे दोन सारखे तुकडे घ्या, दोन्ही प्लास्टिकच्या पिशवीत घाला, एक उघडा ठेवा आणि एक स्वेटरमध्ये गुंडाळा. कुठला आधी वितळेल? तिचा अंदाज बहुधा चुकेल, गुंडाळलेला जास्त टिकेल. स्वेटर ऊब देत नाही, उष्णतेची ये-जा मंद करतो. आपल्या अंगावर तो आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही, बर्फाभोवती बाहेरची आत येऊ देत नाही.

बाकीच्या गोष्टी येता-जाता होतील. सेल, बल्ब आणि एकच वायर देऊन बल्ब पेटवायला सांगा. परिपथ पूर्ण व्हावा लागतो हे हातांनाच समजेल. चुंबक घेऊन घरभर फिरू द्या, म्हणजे सगळे धातू चिकटत नाहीत हे कळेल. तांबं आणि ॲल्युमिनियम चिकटत नाही, लोखंड चिकटतं. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीनने भागा, की वीज किती किलोमीटरवर पडली त्याचा अंदाज येतो.

एका प्रयोगाबद्दल मात्र सावध करते. ताटलीतल्या पाण्यात पेटती मेणबत्ती उभी करून वर पेला उपडा घालायचा, मेणबत्ती विझते आणि पाणी आत चढतं. "ऑक्सिजन संपला, म्हणून त्याच्या जागी पाणी आलं, हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो," असं स्पष्टीकरण अनेक ठिकाणी देतात. मीही कित्येक वर्षं तेच दिलं, आणि त्याची मला आजही खंत वाटते. ज्योत विझते तेव्हा आत बराच ऑक्सिजन शिल्लक असतो. पेला घालताना ज्योतीमुळे आतली हवा तापून पसरलेली असते, काही बुडबुडे बाहेरही पडतात. ज्योत विझल्यावर ती हवा थंड होते, आकुंचन पावते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. पाणी मुख्यतः ज्योत विझल्यानंतर झपाट्याने चढतं, हे लेकीला बघू द्या. मग एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा. पेला तोच, ऑक्सिजन तेवढाच, पण पाणी जास्त चढतं. जुनं स्पष्टीकरण इथे टिकत नाही. हे तुमच्या देखरेखीखालीच करा, ज्योतीजवळ तिला एकटं सोडू नका.

पाठांतर सोडून द्यावं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या मनात असेल. सोडू नका. नावं लागतात. फक्त वही पुन्हा पुन्हा वाचून घेण्यापेक्षा वही मिटवून आठवायला लावा. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं की पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे असतात, पण आठवड्याने विचारलं तर न बघता आठवण्याचा सराव केलेले पुढे जातात. म्हणून पेल्याचा प्रयोग झाला की दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्याने तिला सांगा, "बाबांना समजावून सांग बरं, थेंब कुठून आले." जिथे ती अडखळेल तेवढीच जागा पुन्हा घ्या.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. आईला येत नाही हे तिला कळलं तर चालेल का? कळू द्या, ताई. तुम्ही "मला माहीत नाही" म्हणून विषय बंद केलात तर तीही तेच शिकेल. तुम्ही "मला माहीत नाही, माझा अंदाज असा आहे, आता तपासू" म्हणालात तर तिला ही सवय लागेल. एक कोरी वही घ्या. प्रत्येक पानाचे दोन रकाने करा, एक तिच्या अंदाजाचा, एक तुमच्या. प्रयोगाआधी दोघींनी लिहायचं, एकमेकींचं न बघता. तुमचा चुकला तर खोडू नका, तसाच राहू द्या. खाली काय घडलं ते तिच्या अक्षरात.

पहिलं पान पेल्याचं झालं. दुसरं चंद्राचं ठेवा. अमावास्येनंतरच्या तिसऱ्या संध्याकाळी, सूर्य मावळल्यावर लगेच, पश्चिमेला बारीक कोर दिसेल. बाहेर पडण्याआधी दोघींनी आपापल्या रकान्यात काढून ठेवा, कोरीची उजळ बाजू सूर्य मावळला त्या दिशेला असेल की त्याच्या उलट.